फोर्टातल्या सरकारी इमारतींचा मराठी हेरिटेज वॉक: उपनगरात राहून करता येईल असा छोटा व्यवसाय



घरगुती मसाले, शिलाई, क्लासेस, टिफिन असे बरेच व्यवसाय आपण चॅनलवर बघितले. त्या सगळ्यांत थोडा का होईना माल भरावा लागतो, नाहीतर जागा लागते. आज ज्या व्यवसायाबद्दल लिहितोय त्यात माल नाही, गाळा नाही, मशीन नाही. लोकांना घेऊन चालायचं आणि बोलायचं. दक्षिण मुंबईतल्या जुन्या सरकारी इमारतींचा माहितीसह फेरफटका, ज्याला सगळे हेरिटेज वॉक म्हणतात. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून हिशोब आणि रस्ता इथे सविस्तर देतोय.

पहिला प्रश्न हमखास येतो: "सर, आम्ही बोरिवलीला राहतो, फोर्टात जाऊन धंदा कसा करणार?" उलट आहे. तुम्ही बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपरला राहता हाच तुमचा फायदा आहे. इमारती तिकडे आहेत, पण ग्राहक इकडे आहे. अंधेरी महापालिकेच्या हद्दीत आली १९५० मध्ये, बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये. म्हणूनच आजही आपल्याकडची जुनी माणसं फोर्टात जाताना "मुंबईला जाऊन येतो" म्हणतात. हीच माणसं तीस-तीस वर्षं रोज सीएसएमटीला उतरली. गाडीतून उतरायचं, सबवेत शिरायचं, ऑफिस गाठायचं, संध्याकाळी उलटा प्रवास. घुमटाकडे मान वर करून बघायला सवड मिळाली नाही. आता रिटायर झालेत, गुडघे ठीक आहेत, हातात पेन्शन आहे, नातवंडांना काहीतरी दाखवायचंय. हा तुमचा पहिला कस्टमर, आणि तो तुमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो.

हे काम तुमच्या आधी करणारे आहेत, हे आधीच समजून घ्या. बॉम्बे हेरिटेज वॉक्स १९९९ पासून आहे, खाकी टूर्स २०१५ पासून. दोघांनीही या शहरात चालत शहर बघायची सवय लावली. त्यांच्या एखाद्या वॉकला पैसे भरून जा आणि ग्राहक म्हणून बघा: किती वेळ उभं केलं, कुठे लोक कंटाळले, कुठे हसले. पण बाजारातला बराचसा माल इंग्रजीत आहे आणि पर्यटकाला किंवा तरुण नोकरदाराला समोर ठेवून बनवलेला आहे. आपल्या मराठीत, आपल्या सोसायटीच्या लोकांना, त्यांच्या वेगाने चालवणारा माणूस कमी आहे. तुमची जागा तिथे आहे.

विकायचं काय?

इमारत कधी बांधली, कोणी बांधली, हे मोबाईलवर फुकट मिळतं. ते सांगण्याचे ४०० रुपये कोणी देणार नाही. लोक पैसे देतात ते जोडून सांगण्याचे. समोरची इमारत, पलीकडची इमारत आणि आपलं घर यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, ते.

एक उदाहरण देतो. जीपीओची इमारत बघा, सीएसएमटीच्या पलीकडची. जॉन बेग नावाच्या वास्तुविशारदाचा आराखडा, काम सुरू १९०४ मध्ये, पूर्ण १९१३ मध्ये. घुमट बघितला की विजापूरचा गोल घुमट आठवतो, आणि तो मुद्दाम तसा आहे. इथवर ठीक, हे कोणीही सांगेल. आता तुम्ही म्हणा: या काळ्या बेसाल्टमध्ये मधेमधे जो पिवळसर दगड दिसतो तो कुर्ल्याचा आहे. पांढरा ध्रांगध्र्याचा, पण पिवळा आपल्या कुर्ल्याचा. तसंच पुढे म्युझियमला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला, कुर्ल्याच्या दगडाबरोबर मालाडचा पिवळा दगड लावलाय. घाटकोपर-मालाडच्या ग्रुपसमोर हे वाक्य टाकून बघा. "आमच्या मालाडचा?" असं कोणीतरी विचारतंच. त्या क्षणी ती इमारत साहेबाची राहत नाही. तुमचा वॉक कशाचा, या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे.

रस्ता

सुरुवात सीएसएमटीसमोर, शेवट ओव्हल मैदानाच्या दक्षिण टोकाला. साधारण अडीच ते तीन किलोमीटर, थांबत थांबत अडीच तास. मध्य रेल्वेवाले सुरुवातीला सोयीचे उतरतात, पश्चिम रेल्वेवाल्यांना परतीला चर्चगेट जवळ. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट अशी स्टेशनं वाटेतच आहेत, त्यामुळे अंधेरी पूर्वेच्या लोकांचं काम आणखी सोपं झालंय.

पहिल्या थांब्यावर दोन इमारती एकदम दिसतात. एका बाजूला सीएसएमटी, काम सुरू १८७८ मध्ये, लागली दहा वर्षं. दुसऱ्या बाजूला महापालिकेचं मुख्यालय, १८९३ चं. दोन्हीचा वास्तुविशारद एकच, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. एका माणसाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आपलं काम समोरासमोर उभं केलंय. स्टेशनच्या फाटकावर एक सिंह आणि एक वाघ आहे: सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. २००४ पासून हे स्टेशन युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी सुटली ती ३४ किलोमीटरची होती. मुलुंडवाल्यांना सांगा की आज तुम्ही ज्या मार्गाने आलात तो तोच. (ही इमारत मात्र तेव्हा नव्हती. पहिली गाडी या घुमटाखालून सुटली असं सांगणारे गाईड मी ऐकलेत. तुम्ही सांगू नका.)

तिथून जीपीओ, मग शहीद भगतसिंग रोडने टाऊन हॉल. ही १८३३ ची इमारत, समोर ३० पायऱ्या. एशियाटिक सोसायटी आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय इथे आहे. १८५७ नंतर कंपनी सरकार जाऊन राणीचं राज्य आलं, त्याचा जाहीरनामा १ नोव्हेंबर १८५८ ला मुंबईत इथल्या पायऱ्यांवर वाचला गेला. लोकांना आता बसायचं असतं, आणि बसायला आख्ख्या फोर्टात याहून चांगली जागा नाही. पाणी इथे द्या.

मग हॉर्निमन सर्कलवरून हुतात्मा चौक. इथे गाईडने बोलायचं कमी. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर इथे गोळीबार झाला, एवढं सांगा आणि थांबा. तुमच्या ग्रुपमध्ये सत्तरी पार केलेलं कोणी असेल तर त्यांच्या घरातली आठवण निघते. निघू द्या. १ मे १९६० ला ही महाराष्ट्राची राजधानी झाली, आणि आपण बघतोय त्या साऱ्या सरकारी इमारतींचं मालक बदललं, ते या चौकातून जाऊन. तुमच्या तयार भाषणापेक्षा त्या आजोबांची दोन मिनिटं जास्त लक्षात राहतात.

आता हायकोर्ट. वॉकचा कळस इथे आहे, म्हणून इथे वेळ काढा.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने किल्ल्याचा तट पाडला. त्याच सुमाराला अमेरिकेत यादवी युद्ध, तिथला कापूस बंद, इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस हवा, मुंबईत पैसाच पैसा. तट पडला तिथे मोकळी जमीन मिळाली, त्यावर सरकारने ओळीने इमारती उठवल्या. ओव्हलच्या बाजूने उत्तरेकडून मोजलं तर सार्वजनिक बांधकाम खात्याची इमारत (१८७२), हायकोर्ट (१८७८), विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, मग जुनं सचिवालय (१८७४). २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या ज्या ९४ इमारतींचा समूह यादीत घेतला त्यात ही रांग आहे.

हायकोर्टाचं बांधकाम एप्रिल १८७१ ते नोव्हेंबर १८७८. आराखडा कर्नल जेम्स फुलरचा. व्यवसाय करणाऱ्यांना मी यातला एक आकडा आवर्जून सांगतो. मंजूर अंदाज होता १६,४७,१९६ रुपये, प्रत्यक्ष खर्च आला १६,४४,५२८ रुपये. २,६६८ रुपये वाचले. सरकारी बांधकाम, सात वर्षं, आणि खर्च अंदाजाच्या आत! हे ऐकून हसला नाही असा ग्रुप मी बघितलेला नाही.

आत एका खांबावर माकड कोरलंय, एका डोळ्याला पट्टी आणि हातात न्यायाचा तराजू. त्याची गोष्ट अशी सांगतात की एका पारशी कंत्राटदाराने पोटकंत्राटदारावर दावा लावला, तो हरला, आणि रागाने त्याने हे कोरून घेतलं. गोष्ट झकास आहे. पण ती "सांगतात" म्हणूनच सांगा. माकड खरं, कारण ऐकीव.

आणि मग जुलै १९०८. लोकमान्य टिळकांवर 'केसरी'तल्या लेखांसाठी राजद्रोहाचा खटला याच इमारतीत चालला, १३ ते २२ जुलै. न्यायाधीश दिनशा दावर. हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांचे वकील होते. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, २१ तासांहून जास्त बोलले. ज्युरीत नऊ जण, सात विरुद्ध दोन असा कौल. सहा वर्षांची शिक्षा, मंडाले. नंतर गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, एका वर्षाला एक दिवस. ज्या कोर्टरूममध्ये हा खटला झाला तिच्या बाहेर १९५६ मध्ये मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते फलक लावला गेला. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याच न्यायालयाने तो लावला. हे सगळं मैदानातून, इमारतीकडे बोट दाखवून सांगता येतं. माकड आणि फलक बघायला मात्र आत जावं लागतं, आणि इथेच या व्यवसायातली खरी अडचण सुरू होते.

दार तुमचं नाही

हॉटेलवाल्याचं दुकान असतं, तो शटर कधी उघडायचं ते ठरवतो. तुमचा "माल" सरकारच्या ताब्यात आहे. चालू न्यायालय, चालू महापालिका, चालू पोस्ट. सुरक्षा वाढली की दार बंद, तुम्हाला कोणी आधी फोन करणार नाही.

महापालिका मुख्यालयाच्या आतला हेरिटेज वॉक जानेवारी २०२१ मध्ये पर्यटन विभाग आणि महापालिकेने सुरू केला, शनिवार-रविवारी. हायकोर्टाच्या आतला वॉक ऑक्टोबर २०२१ मध्ये एमटीडीसीमार्फत आला. दोन्ही उत्तम कल्पना. पण ते त्यांचे कार्यक्रम आहेत: त्यांचं बुकिंग, त्यांचे मार्गदर्शक, त्यांचं वेळापत्रक. तारखा आणि दर त्या त्या वेळी त्यांच्याकडूनच बघून घ्या. हायकोर्टात आत मोबाईल आणि फोटोचे नियम कडक असतात, तेही ग्राहकाला आधी सांगा, नाहीतर फोटोसाठी आलेली मंडळी तुमच्यावर चिडतात.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला: तुमचा पूर्ण वॉक फुटपाथ, मैदान आणि पायऱ्या यांवरून उभा करा. आत जाणं हा बोनस समजा आणि त्याचे पैसे वेगळे ठेवा. पोस्टरवर "आतून दर्शन" असं छापलंत आणि त्या रविवारी दार उघडलं नाही, तर पंधरा जणांचे पैसे परत आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्या नावाची चर्चा वेगळी. बाहेरून सांगितलेली गोष्ट मात्र कोणी रद्द करू शकत नाही. आमच्या घाटकोपरच्या बॅचमधल्या एका ताईंनी यावर छान तोडगा काढला. जुने फोटो आणि आतल्या कोरीवकामाची चित्रं ए-३ आकारात छापून लॅमिनेट करून घेतली. दार बंद असलं की माकड पिशवीतून बाहेर काढायचं.

तारखा बघून ठरवा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण पैसा इथेच बुडतो.

रविवार सकाळ सगळ्यात चांगली, कारण फोर्ट रिकामा असतो, रस्ता ओलांडता येतो, तुमचा आवाज पोचतो. पण रविवारी मेगाब्लॉक असतो आणि तो साधारण सकाळी दहा-अकरापासून दुपारपर्यंत चालतो. म्हणून सुरुवात ८ ला, शेवट १०.३० ला. शनिवारी संध्याकाळी ब्लॉकचं वेळापत्रक जाहीर झालेलं असतं, ते बघून ग्रुपवर टाका. मुलुंडच्या आजींना कुठली गाडी पकडायची हे तुम्हीच सांगायचं.

जानेवारीतला तिसरा रविवार सोडून द्या. मुंबई मॅरेथॉन सीएसएमटीहूनच सुटते, त्या दिवशी रस्तेच बंद. आझाद मैदानावर मोठं आंदोलन असेल तर सीएसएमटीचा परिसर तुमचा नाही. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस मराठा आरक्षणाचं आंदोलन तिथे होतं तेव्हा स्टेशनपासून पालिकेपर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती. अशा वेळी उलट्या टोकाने, ओव्हलकडून सुरुवात करायची आणि टाऊन हॉलला संपवायची तयारी ठेवा. पोलिसांचे जमावबंदीचे आदेश असले तर वाद घालू नका, तारीख बदला.

पावसाळ्यात हा धंदा जवळजवळ बंद. ऑक्टोबर ते मार्च हाच सीझन, त्यातही ऑक्टोबरचं ऊन कडक. फोटोप्रेमी ग्रुप असेल तर वेळ बदला: ओव्हल मैदान हायकोर्टाच्या पश्चिमेला आहे, सीएसएमटीचं तोंडही पश्चिमेला. सकाळी ऊन इमारतीच्या मागून येतं, फोटो काळे पडतात. त्यांना दुपारी ४ नंतर न्या.

आणि स्वच्छतागृह. कोणी विचारत नाही, पण पन्नाशीपुढच्या माणसाचा, विशेषतः महिलांचा, येण्या-न येण्याचा निर्णय यावर असतो. सुरुवातीला सीएसएमटी, शेवटी चर्चगेट, मधलं ठिकाण तुम्ही स्वतः जाऊन बघून ठेवा आणि मेसेजमध्ये लिहा. चहा-नाश्त्याचंही तसंच. फोर्टातल्या बऱ्याच खानावळी रविवारी बंद असतात, त्यामुळे "शेवटी इराण्याकडे बन-मस्का" असं लिहिण्याआधी तो इराणी रविवारी उघडतो का ते विचारा.

पैशाचं बोलू

समजा एका वॉकला १२ जण, माणशी ४०० रुपये. जमा ४,८००. यातून शेवटच्या माणसामागे चालणारा एक सहायक, ६०० (हा हवाच, बारा जणांत एक जण नेहमी मागे राहतो). प्रवास २००. पाणी आणि चिक्की माणशी ३० प्रमाणे ३६०. माईक आणि छापील चित्रांची झीज १५०. जाहिरात ५००. खर्च १,८१०. उरले २,९९०. बुकिंग स्वतःच व्हॉट्सॲपवर आणि पैसे यूपीआयवर घेतले असं धरलंय. बुकिंग साइटवर गेलात तर कमिशन वेगळं.

ऑक्टोबर ते मार्च साधारण २६ रविवार. दिवाळी, मॅरेथॉन, लग्नसराई, कमी बुकिंग धरून २० मिळाले तर भरपूर. २० गुणिले २,९९०, म्हणजे ५९,८००. सहा महिन्यांचे. वर्षाचेही तेवढेच.

हा आकडा बघून नोकरी सोडायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण मी विचाराल तर सोडू नका. रविवारचा खुला वॉक हे तुमचं दुकानाचं काचेचं कपाट आहे, त्यातून घर चालत नाही. घर चालेल ते ग्रुप बुकिंगवर. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, सोसायटीची वार्षिक सहल, बँकेच्या निवृत्त कर्मचाऱ्यांचा गट, शाळा. यांच्याकडे जाहिरातीचा खर्च शून्य, आणि एक ग्रुप खूश झाला की त्यांचा अध्यक्षच पुढच्या संघाला फोन करतो. मंडळाला माणशी ३०० लावलेत आणि २५ जण आले तर ७,५०० होतात. पण पंचवीस जण एकदम घेऊ नका. दोन तुकड्या करा, अर्ध्या तासाच्या अंतराने, दुसरा गाईड घ्या. पंधराच्या वर माणसं झाली की मागचे आपापसात गप्पा मारायला लागतात, आणि फुटपाथ अडला की पोलीसही हटकतो.

"फुकट वॉक, शेवटी हवे तेवढे द्या" हा प्रकार परदेशात चालतो, इथेही काही जण करतात. मला आपल्या ग्राहकासाठी तो पटत नाही. मराठी मध्यमवर्गीय माणूस शेवटी किती द्यावे या संकोचात वॉकभर अवघडतो. दर सांगा, आधी घ्या, २४ तास आधी कळवलं तर पूर्ण परत द्या.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी मोफत असते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. सेवा व्यवसायाला वार्षिक २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पुढे कान्हेरीसारख्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागी वॉक न्यायचा विचार असेल तर तिथे गाईडला परवाना लागतो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे, तो केलात तर शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर बोलणं सोपं जातं.

अभ्यास कुठून करायचा

रीलवरून नाही. 'मुंबईचे वर्णन' हे गोविंद नारायण माडगावकरांचं १८६३ चं पुस्तक वाचा, मराठीत आहे, आणि तट पडायच्या सुमाराचं शहर त्यात सापडतं. मुंबईचं तीन खंडांचं गॅझेटिअर १९०९-१० चं आहे, इंग्रजीत, पण फुकट उपलब्ध आहे. हायकोर्टाच्या स्वतःच्या वेबसाइटवर इमारतीचा इतिहास आहे. राज्याचं पुराभिलेख कार्यालय एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, पुढे खोलात जायचं असेल तर तिथे जा.

तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी निवृत्त पीडब्ल्यूडी इंजिनिअर किंवा कोर्टातले शिरस्तेदार असतातच. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. ते चूक काढतील. काढू द्या, त्यांचा नंबर घ्या, आणि पुढच्या वेळी त्यांना मोफत बोलवा. असे दोन काका मिळाले की तुमची पाठ भक्कम.

पहिले तीन वॉक पैसे न घेता करा, आपल्याच विंगमधल्या लोकांना घेऊन. पैसे घ्यायचे नाहीत, पण वेळ मोजायचा. कुठे पाच मिनिटं ठरवली होती आणि पंधरा लागली, ते लिहून काढा.

पहिला रस्ता हातात बसला की दुसरा तयार ठेवा, कारण खूश झालेला ग्राहक "पुढचा कधी?" विचारतो. मी सुचवेन राजधानीचा वॉक: रीगलपासून विधान भवनापर्यंत. रीगलसमोर राज्य पोलीस मुख्यालय आहे. ही इमारतही स्टीव्हन्सचीच, १८७६ ची, बांधली होती खलाशांच्या वसतिगृहासाठी. १९२८ मध्ये तिचं कौन्सिल हॉल झालं. महाराष्ट्र झाला तेव्हा आपलं विधिमंडळ इथेच भरत होतं, आणि १९८१ मध्ये नरिमन पॉइंटचं नवं विधान भवन होईपर्यंत इथेच भरलं. आधी खलाशी, मग आमदार, मग पोलीस. तिथून पुढे मंत्रालय: १९५५ चं सचिवालय, १९७५ मध्ये नाव बदललं, २१ जून २०१२ ला आग लागली ती तुमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाने टीव्हीवर बघितलेली असते.

या रस्त्यावर थांबे लहान ठेवा. पोलीस मुख्यालयासमोर बारा माणसं घोळका करून बोटं दाखवायला लागली की गेटवरचा हवालदार हटकणारच, आणि त्याचं काम तो करतोय. फोटो काढू देऊ नका, हसून पुढे व्हा, आणि गोष्ट पलीकडच्या फुटपाथवर, रीगलच्या सावलीत उभं राहून सांगा. तिथून इमारत तशीही जास्त चांगली दिसते.